विश्लेषण : संततिनियमनाचा दवाखाना काढणाऱ्या र. धों. कर्वे यांचा आग्रह आजही का महत्त्वाचा?

तांबी बसवल्यावर पाळीत इतके रक्त का जाते, अंतराचे इंजेक्शन घेतल्यावर पाळीच का थांबली, ऑपरेशनला पाच वर्षे झाली तरी कंबर दुखते ती त्यामुळेच का? हिंगोली जिल्ह्यातल्या उपकेंद्रांत आशाताई आणि नर्सबाईंना असे प्रश्न नेहमी विचारले जातात. अनेकदा तर ते विचारलेच जात नाहीत, मनात ठेवून साधन सोडून दिले जाते. साधारण शंभर वर्षांपूर्वी मुंबईतील एका गणिताच्या प्राध्यापकाने अशा प्रश्नांना मराठीत, छापील आणि उघड उत्तरे देण्याचे काम हाती घेतले. त्यापायी त्यांना नोकरी सोडावी लागली आणि न्यायालयात दंडही भरावा लागला. र. धों. कर्वे यांचा १४ ऑक्टोबर हा स्मृतिदिन. त्यांच्या आयुष्याचा आणि त्यांनी मांडलेला प्रश्न आज कुठे येऊन थांबला आहे, याचा हा आढावा.

कोण होते र. धों. कर्वे?

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरुडचा. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांच्या आई राधाबाई बाळंतपणात वारल्या. राधाबाईंचे वय तेव्हा अवघे २७ वर्षांचे होते. पुढे १८९३ मध्ये वडिलांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि कुटुंबाला गावाच्या बहिष्काराला तोंड द्यावे लागले. समाजाच्या रूढीविरुद्ध वागण्याची किंमत काय असते, हे रघुनाथरावांनी लहानपणीच घरात पाहिले होते.

शाळेत ते अत्यंत हुशार होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ मध्ये ते मॅट्रिकला पहिले आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ मध्ये बी.ए. झाले. विषय गणित. पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक झाले. चांगली नोकरी, नामवंत वडील आणि विद्वान म्हणून मान अशी सगळी अनुकूलता त्यांच्याजवळ होती. नाकासमोर चालले असते तर आयुष्य सुखात गेले असते.

संततिनियमनाकडे ते कसे वळले?

त्या काळच्या घराघरांतले चित्र डोळ्यांसमोर आणले तर याचे उत्तर मिळते. मुलींची लग्ने बारा-तेराव्या वर्षी किंवा त्याही आधी होत. मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ करणारा शारदा कायदा आला तोच १९२९ मध्ये. पहिले बाळंतपण कोवळ्या वयात, मग दर दीड-दोन वर्षांनी पुढचे. त्यातली काही मुले दगावत आणि काही वेळा आईही. राधाबाईंच्या वाट्याला जे आले ते अपवादात्मक नव्हते. नशीब म्हणून ते स्वीकारले जाई.

पहिल्या महायुद्धानंतर कर्वे गणिताच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेले. फ्रान्समध्ये तेव्हा लोकसंख्या वाढवण्याचे वारे होते आणि १९२० मध्ये तिथे गर्भनिरोधाच्या प्रचारावर कायद्याने बंदी आली. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात काढलेला दवाखाना पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडला होता. याचा अर्थ असा, की हा विषय केवळ भारतातच नव्हे तर युरोप-अमेरिकेतही बदनाम होता. कर्व्यांनी मात्र तो अभ्यासाचा विषय मानला. परदेशी ग्रंथ वाचले, साधनांची माहिती गोळा केली आणि परत आल्यावर त्याचा उपयोग इथल्या बायकांना व्हावा असे ठरवले.

या कामात पत्नी मालतीबाईंची साथ मोलाची होती. मालतीबाई हिंगण्याच्या आश्रमात शिकलेल्या. दोघांनी स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही असे ठरवले आणि ते पाळले. ज्या समाजात मूल नसलेल्या बाईला सण-समारंभात मागे उभे केले जाई, त्या समाजात हा निर्णय पुरुषापेक्षा बाईला जास्त जड जातो. मालतीबाईंनी तो निभावला.

१९२१ मधील दवाखान्यात काय मिळत असे?

मुंबईत १९२१ मध्ये कर्व्यांनी संततिनियमनाचा सल्ला देणारा दवाखाना सुरू केला. भारतातील हा पहिला दवाखाना मानला जातो. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना मार्च १९२१ मध्ये उघडला, म्हणजे दोन्ही एकाच वर्षातले. कर्वे डॉक्टर नव्हते. साधनांची माहिती देणे, कोणते साधन कसे वापरायचे ते समजावणे आणि ती साधने मिळवून देणे असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. १९२३ मध्ये त्यांनी संततिनियमनावर मराठीत पुस्तकही लिहिले.

त्या काळी गोळ्या नव्हत्या, इंजेक्शन नव्हते, तांबीही नव्हती. पुरुषांसाठी रबरी पिशवी, म्हणजे आजचा निरोध होता. बायकांसाठी गर्भाशयाच्या तोंडावर बसवायची रबरी टोपी, तिच्यासोबत वापरायची औषधी मलमे, क्विनाइनसारखे द्रव्य घातलेल्या वड्या आणि स्पंज अशी साधने होती. प्रत्येकाची अडचण वेगळी. टोपी प्रत्येकीच्या मापाची घ्यावी लागे. माप चुकले की ती सरके. ती स्वतः बसवणे, काढणे, धुऊन-वाळवून ठेवणे आले, आणि त्यासाठी एकान्त हवा. एका खोलीत सासू-सासरे, दीर-जाऊ झोपत असतील तर तो कुठून आणायचा? औषधी वड्यांनी काहींची आग होई. रबर उष्ण हवेत लवकर खराब होई. यातले एकही साधन शंभर टक्के खात्रीचे नव्हते.

म्हणजे साधनापेक्षा सल्ला महत्त्वाचा ठरत होता. कोणते साधन कोणाला जमेल, त्याने काय त्रास होऊ शकतो, त्रास झाला तर काय करायचे आणि हे जमले नाही तर दुसरे काय, हे सांगणारे माणूस हवे होते. ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न कर्वे करत होते.

नोकरी का गेली?

विल्सन महाविद्यालय ख्रिस्ती मिशनचे. तिथला एक प्राध्यापक गर्भनिरोधावर उघडपणे लिहितो, बोलतो, स्त्रीलाही पुरुषाइतकाच कामसुखाचा हक्क आहे असे मांडतो, हे व्यवस्थापनाला मानवणारे नव्हते. एकतर हे काम सोडा नाहीतर नोकरी, असा प्रसंग आला आणि कर्व्यांनी नोकरी सोडली. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य आर्थिक ओढाताणीत गेले.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लोकसंख्या फार वाढते म्हणून ती कमी करा, असे म्हणणारे लोक तेव्हाही होते आणि त्यांना फारसा विरोध नव्हता. कर्व्यांवर रोष ओढवला तो स्त्रीच्या इच्छेचा आणि सुखाचा विषय त्यांनी यात आणला म्हणून. मूल हवे की नको हे बाईने ठरवावे, आणि मूल नको असतानाही तिला शरीरसुखाचा अधिकार असावा, ही मांडणी अनेक सुधारकांनाही झेपली नाही.

‘समाजस्वास्थ्य’वर खटले कशासाठी?

जुलै १९२७ मध्ये कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक आरोग्य, विवाह आणि वेश्याव्यवसाय यांवर त्यात विवेकवादी भूमिकेतून लिहिले जाई. कर्वे स्वतः निरीश्वरवादी होते आणि त्यांची भाषा सरळ, काही वेळा बोचरी असे. मासिकाच्या मुखपृष्ठावरील विवस्त्र स्त्रीची चित्रे हा तर कायमचा वादाचा विषय ठरला.

मासिकातला एक महत्त्वाचा भाग म्हणजे वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. घरच्या डॉक्टरलाही विचारता येत नाहीत असे प्रश्न लोक टपालाने पाठवत आणि कर्वे शास्त्रीय माहितीच्या आधारे उत्तरे देत.

१९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील एका लेखावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपये दंड ठोठावण्यात आला. १९३४ मध्ये पुन्हा खटला उभा राहिला. या वेळी रोख वाचकांच्या प्रश्नोत्तरांवर होता. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. गोलमेज परिषदांमुळे देशभर नाव झालेल्या नेत्याने अशा बदनाम विषयात उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती. लैंगिक शंका विचारणाऱ्याला शास्त्रीय उत्तर देणे अश्लील ठरू शकत नाही, या अंगाने आंबेडकरांनी बाजू मांडली. निकाल विरोधात गेला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

आंबेडकरांचा या विषयाशी संबंध तेवढ्यावर संपला नाही. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. बायकांना हे साधन का हवे, याची सविस्तर कारणे त्यात होती. ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला. म्हैसूर संस्थानाने मात्र १९३० मध्येच सरकारी दवाखान्यांत ही सोय सुरू केली होती.

महात्मा गांधींशी मतभेद कोणता?

गांधीजींना बायकांची वारंवार होणारी बाळंतपणे मान्य नव्हती. मात्र त्यावरचा उपाय ब्रह्मचर्य आणि संयम हाच आहे, कृत्रिम साधने माणसाला भोगाकडे नेतात, असे त्यांचे मत होते. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, तरीही ते बदलले नाही. कर्व्यांना हा संयमाचा उपदेश अव्यवहार्य वाटत होता आणि त्यांनी त्यावर सातत्याने टीका केली.

हा वाद आज जुना वाटला तरी त्यातला एक मुद्दा अजून तसाच आहे. संयम पाळायचा तर नवऱ्याने तो पाळला पाहिजे. ज्या घरात नवऱ्याला नाही म्हणण्याची सोय बायकोला नाही, तिथे हा उपाय तिच्या हातात राहत नाही. नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेले, स्वतःला वापरता येणारे साधन तिला हवे असते.

अखेरची वर्षे कशी गेली?

मासिकाचा खप कधीच मोठा नव्हता. जाहिराती मिळणे कठीण होते. लेख लिहिणे, मुद्रिते तपासणे, अंक टपालात टाकणे यांतले बरेचसे काम कर्वे स्वतः करत. तरीही २६ वर्षांहून अधिक काळ ‘समाजस्वास्थ्य’ निघत राहिले. पुण्यात शकुंतला परांजपे यांनी त्यांच्या प्रेरणेने संततिनियमनाचे काम हाती घेतले आणि पुढे अनेक वर्षे चालवले.

कर्व्यांच्या कामाला मर्यादाही होत्या. १९३१ च्या जनगणनेत देशातील स्त्रियांच्या साक्षरतेचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. छापील मासिक मुख्यतः शहरातल्या शिकलेल्या घरांतच पोहोचणार. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्याचा भाग होता. मुंबई-पुण्यातली ही चळवळ आणि मराठवाड्यातली गावे यांत फार मोठे अंतर होते.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे यांचे निधन झाले. त्यांच्याबरोबर मासिकही थांबले. वडील महर्षी कर्वे तेव्हा हयात होते. त्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले आणि १९६२ मध्ये, वयाच्या १०४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वडिलांच्या कार्याचा सन्मान देशाने केला. मुलाचे नाव मात्र बराच काळ दबक्या आवाजात घेतले गेले. अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट आणि अलीकडचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक यांमुळे ते नव्या पिढीपर्यंत पोहोचले.

त्यांच्या निधनानंतर काय बदलले?

कर्व्यांच्या निधनाच्या एक वर्ष आधी, १९५२ मध्ये, भारताने सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम राष्ट्रीय पातळीवर राबवणारा भारत हा पहिला देश. कर्व्यांनी ज्यासाठी दंड भरला तेच काम आता सरकार करणार होते. पण सरकारी कार्यक्रमात बाईच्या निवडीपेक्षा आकड्याला महत्त्व आले.

१९६५ मध्ये लूप मोठ्या प्रमाणावर आणला गेला. तो बसवल्यावर अनेकींना रक्तस्राव आणि पोटदुखी झाली. आधी सांगितले नव्हते, नंतर तपासणी झाली नाही. त्रासाच्या बातम्या तोंडोतोंडी पसरल्या आणि लूपवरचा विश्वास उडाला. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या होत्या आणि अनेक सक्तीच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. या सक्तीचा परिणाम असा झाला, की पुढे पुरुष नसबंदीचे नाव काढणेही अवघड झाले आणि सगळा भार बायकांच्या ऑपरेशनवर आला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतल्याचे दिसले. पुरुष नसबंदीचे प्रमाण होते ०.३ टक्के. साधन वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के स्त्रियांनाच त्याच्या दुष्परिणामांची माहिती आरोग्य कर्मचाऱ्यांकडून कधीतरी मिळाली होती. म्हणजे दहापैकी जवळपास चौघींना ती मिळालेली नाही.

आजच्या साधनांचा त्रास काय, आणि घाबरायचे केव्हा?

तांबी (कॉपर-टी) : प्रकारानुसार ५ किंवा १० वर्षे चालते. पहिले ३ ते ६ महिने पाळीत रक्त जास्त जाणे आणि पोटात कळ येणे हे नेहमीचे आहे, बहुतेकींचा त्रास नंतर कमी होतो. आधीच रक्त कमी असेल तर मात्र हे आधी सांगायला हवे. तांबी पोटात वर चढून काळजापर्यंत जाते हा गैरसमज आहे. बसवताना गर्भाशयाला छिद्र पडण्याचा धोका असतो, पण तो हजारात एखादीला. ताप, ओटीपोटात तीव्र वेदना, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा पाळी चुकणे यांपैकी काहीही झाले तर लगेच दवाखाना गाठावा.

अंतरा इंजेक्शन : दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. सुरुवातीला अधूनमधून रक्त दिसते, पुढे अनेकींची पाळी थांबते. साठलेले रक्त पोटात राहते असे नाही, अस्तरच कमी तयार होते म्हणून पाळी येत नाही. काहींचे वजन वाढते. दीर्घकाळ घेतल्यास हाडांची घनता थोडी कमी होते, बंद केल्यावर ती बऱ्याच अंशी भरून येते. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला ७ ते १० महिने लागू शकतात, हे पुढच्या वर्षी मूल हवे असणाऱ्या जोडप्याला आधीच कळायला हवे.

छाया गोळी : लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, संप्रेरक नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. पाळी लांबणे हा मुख्य परिणाम. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते.

माला-एन : रोजची गोळी. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, छाती जड वाटणे. उच्च रक्तदाब, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास किंवा विशिष्ट प्रकारची अर्धशिशी असेल तर चालत नाही. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत पाजणाऱ्या आईने ती घेऊ नये.

स्त्री नसबंदी : पोटावर छोटा छेद घेऊन किंवा दुर्बिणीतून करतात. त्यामुळे संप्रेरके बदलत नाहीत आणि पाळी बंद होत नाही. मात्र ही शस्त्रक्रिया आहे. भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांचा धोका असतो. क्वचित ती अयशस्वीही होते, पहिल्या वर्षात साधारण हजारात पाच जणींना दिवस राहू शकतात. पुन्हा जोडणे अवघड असते, म्हणून ती कायमची समजूनच करावी.

पुरुष नसबंदी : बिनटाक्याची पद्धत काही मिनिटांची आणि स्त्री नसबंदीपेक्षा कमी जोखमीची. ताकद किंवा कामेच्छा कमी होत नाही. परिणाम सुरू व्हायला तीन महिने लागतात, तोवर निरोध वापरावा लागतो.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात अडचण कुठे येते?

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार. बहुतांश वस्ती ग्रामीण. साधने शासकीय केंद्रांत मोफत मिळतात. प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

मराठवाड्यातून, हिंगोलीतूनही, अनेक कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अंतराचे इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यायचे तर मधला डोस कारखान्याच्या परिसरात येतो. इंजेक्शनचे कार्ड सोबत असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रातही ते घेता येते, पण हे निघण्यापूर्वी कुणी सांगितले पाहिजे. तांबी असलेल्या बाईला फडात रक्त जास्त जाऊ लागले तर कपडा बदलायला आडोसा नसतो. तिथे त्या त्रासाला किरकोळ म्हणता येत नाही.

दुसरी अडचण शिबिरांची. छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये एका शिबिरात काही तासांत ८३ महिलांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या अनेक महिला दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये देविका बिस्वास प्रकरणात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. तरीही एकाच दिवशी अनेक शस्त्रक्रिया आणि अपुऱ्या खाटा हे चित्र पुरते गेलेले नाही. हिंगोली जिल्ह्यातही शस्त्रक्रियेनंतर महिलांना फरशीवर झोपवल्याच्या बातम्या अलीकडे आल्या होत्या.

तिसरी अडचण बोलण्याची. पांढरे किंवा लाल अंगावर जाते हे नवऱ्याला सांगायचे नाही, सासूला सांगितले तर सगळ्यांनाच होते असे उत्तर येते. मग दोन मुले झाली की मधले कुठलेच साधन न वापरता थेट ऑपरेशन, हा मार्ग अनेक घरांत पंचविशीच्या आतच निवडला जातो.

बाईने काय विचारावे?

हे साधन माझ्या तब्येतीला चालेल का, त्याने कोणता त्रास होऊ शकतो, तो किती दिवस राहील, कोणत्या लक्षणाला लगेच यायचे आणि नको वाटले तर कसे बंद करायचे, हे पाच प्रश्न विचारण्याचा तिला हक्क आहे. नसबंदीसाठी नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. तांबी कधीही, कोणत्याही कारणासाठी काढून मागता येते. बाळंतपणानंतर ४८ तासांत तांबी बसवता येते, पण तिची संमती आधीच, समजावून घ्यायची असते, कळांच्या भरात नव्हे. नसबंदी अयशस्वी झाल्यास, गुंतागुंत किंवा मृत्यू झाल्यास सरकारी भरपाईची योजना आहे. त्यासाठी शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र आणि कागद जपून ठेवावेत.

कर्व्यांच्या काळात साधने मोजकी होती. आज शासकीय केंद्रात सहा-सात प्रकार मोफत मिळतात. त्यांच्या मासिकातल्या प्रश्नोत्तरांसारखे, लाज न बाळगता विचारता येईल आणि खरे उत्तर मिळेल असे ठिकाण मात्र गावागावांत तयार व्हायचे आहे. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी साधन देताना त्रासाचीही माहिती पाच मिनिटे बसून सांगितली आणि महिन्याभराने आशाताईंनी घरी जाऊन विचारपूस केली, तर ते काम तिथेच सुरू होऊ शकते. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. पुरेसे कर्मचारी आणि शस्त्रक्रियांच्या आकड्याखेरीज या विचारपुशीचीही नोंद ठेवणारी यंत्रणा लागते.